ड्युटी सांभाळून

माझी ड्युटी दर आठवड्याला बदलते. सकाळपाळी असली की साडेसहाला घर सोडायचं, दुपारपाळी असली की रात्री साडेनऊला परतायचं, आणि नाइट लागली की मुलं शाळेला निघालेली असताना मी दारात स्कूटर लावत असते. नगरच्या एका दवाखान्यात मी सिस्टर आहे. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात नगरच बसलंय. आमच्या ख्रिस्ती समाजात घरटी एक तरी सिस्टर किंवा मास्तर निघतोच म्हणतात, ते फारसं खोटं नाही. अशा घरात रोज ठरल्या वेळी सगळ्यांनी एकत्र बसून प्रार्थना करायची म्हटलं तर जमणार कसं? आणि आमच्या सासूबाईंचा तर नेमका तोच आग्रह.

सासूबाई नेवासे तालुक्यातल्या. त्यांचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर. दिवेलागण झाली की कंदिलाची काच पुसायची, सतरंजी टाकायची, 'उपासना संगीत'मधलं एक गीत, बायबलमधला एक अध्याय, मग मास्तरांची प्रार्थना, आणि मग जेवण. त्याआधी भाकरीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. तोच शिरस्ता त्यांनी आमच्याकडे आणला. मी घरात असो नसो, साडेसातला टीव्ही बंद होतो. त्यांचं 'उपासना संगीत' शिवण उसवल्यामुळे पुन्हा बांधून घेतलंय, पण ते उघडायची त्यांना गरजच पडत नाही. गीतं तोंडपाठ आहेत. कैक वर्षं त्यांनी मंडळीत शब्बाथ शाळा घेतली, त्यामुळे आवाजही अजून वर्गाला पुरेल असा आहे. प्रार्थनेत सगळं गणगोत येतं. मुंबईचा दीर, पुण्यातली भाची, तिची अडलेली नोकरी, पाळकसाहेबांचा दुखरा गुडघा, मुळा धरणातलं पाणी. धाकटा एक डोळा किलकिला करून 'आमेन' किती लांब आहे याचा अंदाज घेत बसतो.

थोरली सहा-सात वर्षांची असताना एकदा मी मेथी निवडत बसले होते आणि ती शेजारी चित्र काढत होती. निवडता निवडता पुटपुटायची मला सवय आहे. वॉर्डात कुणी अवघड अवस्थेत असलं की घरी आल्यावरही डोक्यातून जात नाही, मग मी देवाला सांगत राहते की बाबा, त्या बाळंतिणीचं रक्त थांबू दे, तिच्या आईला कुणीतरी चहा तरी पाज. थोरलीने ते ऐकलं आणि म्हणाली, "मम्मी, आजी बोलते तेव्हा देव साहेब वाटतो. तू बोलतेस तेव्हा मावशी वाटतो." मी घाबरून आतल्या खोलीकडे बघितलं. सासूबाईंना ऐकू गेलंच होतं. त्या आतूनच म्हणाल्या, "साहेब आहेच तो. पण मावशी म्हटलेलं त्याला राग येणार नाही."

तेव्हापासून मी साडेसातच्या प्रार्थनेला कुरकुरणं सोडलं, आणि मला ती गाठता येत नाही याची खंत करणंही सोडलं. मुलांच्या वाट्याला दोन्ही येऊ दे. मोशेने इस्राएल लोकांना मुलांना शिकवायला सांगितलं, त्यात वर्ग नाही की फळा नाही. घर आहे, रस्ता आहे, अंथरूण आहे. माझ्यासारखीला ते सोयीचंच.

रस्त्यावरची आमची एक सवय तर पक्की झाली आहे. नगर-मनमाड रस्त्याने मुलांना शाळेत सोडताना ॲम्ब्युलन्स हटकून भेटते. दवाखान्यात असल्यामुळे त्या आवाजाचा अर्थ मला जरा जास्तच कळतो. मी स्कूटर कडेला घेते आणि मोठ्याने म्हणते, "देवा, आतल्या माणसाला धीर दे, ड्रायव्हरला वाट दे." एवढंच. मग पुन्हा किक. धाकट्याने हे इतकं उचललं की वर्गात बसल्या बसल्या सायरन ऐकू आला तरी तो म्हणायचा. एकदा बाईंनी विचारलं, काय बडबडतोस रे? त्याने सांगितलं. बाईंनी मला पालकसभेत गाठलं. तक्रार असेल असं वाटलं, तर म्हणाल्या, आता अर्धा वर्ग म्हणतो, जो तो आपापल्या देवाला. मला ते फार आवडलं.

मात्र सायरनची प्रार्थना निस्तरावीही लागते. "त्या कालच्या माणसाचं काय झालं?" हा प्रश्न दुसऱ्या दिवशी येतोच. मला माहीत नसतं. कधी कधी माहीत असतं आणि ते सांगण्याजोगं नसतं. मी माहीत नसेल तर माहीत नाही म्हणते, आणि गेला असेल तर गेला म्हणते. नवऱ्याला हे पटत नाही. त्याच्या मते मुलांना इतक्या लवकर इतकं कशाला? पण मरण लपवून ठेवायचं आणि पुनरुत्थानाचं गाणं मात्र शिकवायचं, हे माझ्याच्याने होत नाही.

गोष्टींचं म्हणाल तर आमचा भाग बायबलच्या गोष्टींना फार जवळचा आहे. जक्कय ठेंगणा होता आणि येशू दिसावा म्हणून झाडावर चढला. मराठी बायबलात ते झाड उंबराचं आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला उंबर आहे. धाकट्याने तिथे चढून 'जक्कया, खाली ये' हा खेळ सुरू केला. शेजारची मुलं आळीपाळीने येशू व्हायची, कारण जक्कय व्हायलाच सगळ्यांना हवं असायचं. येशूला नुसतं खाली उभं राहावं लागतं! कुणाच्या तरी आईने विचारलं हा कोण जक्कय, तेव्हा धाकटा म्हणाला, "जकातवाला. पैसे खायचा, पण मग चौपट परत केले." त्या माउलीने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, आमच्या नाक्यावर पाठवा रे त्याला.

हरवलेल्या नाण्याची गोष्ट तर मी सांगितलीच नाही, ती घडली. वीज गेली होती, रात्र झाली होती, आणि सासूबाईंच्या कुडीची फिरकी पडली. त्यांच्या आईच्या कुड्या होत्या त्या. मोबाइलची बॅटरी लावून आम्ही सगळे जमिनीवर पालथे. कॉटखाली, पायपुसण्यात, चपलांच्या मांडणीमागे. थोरलीने सगळ्यांना उठवलं, कोपऱ्यातून झाडू घेतला आणि भिंतीच्या कडेने एकेक फरशी झाडत आली. प्रत्येक फरशी झाडून झाली की बॅटरी आडवी धरायची, म्हणजे बारीक वस्तूचीही सावली लांब पडते. ही युक्ती तिला कुठून सुचली कोण जाणे. केर सुपडीत घेऊन तिने तो बोटांनी चाचपला. त्यात दोन टाचण्या, तांदळाचे दाणे, धाकट्याचा पडलेला दात, जो उंदराला द्यायचा राहून गेला होता, आणि फिरकी. सासूबाईंनी तिथल्या तिथे हुकूम सोडला, चहा टाका आणि शेजारच्या काकूंना बोलवा. मी म्हटलं, आई, दहा वाजलेत. तर थोरली म्हणाली, "मम्मी, त्या बाईनेपण शेजारणींना बोलावलं होतं. लूक पंधरा." काकू आल्या, मेणबत्तीच्या उजेडात चहा झाला, आणि काकूंना ती गोष्ट थोरलीने सांगितली. मी मधे एक शब्द बोलले नाही.

दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणाकडे निघतात, ते आमच्या भागातल्या मुलांना नवं नाही. पारनेरकडे जाताना एकदा कळप आडवा आला म्हणून आम्ही थांबलो. घोड्याच्या पाठीवर बाडबिस्तरा, त्यातून एक कोकरू मान काढून बघत होतं. धाकट्याने थेट विचारलं, "ही हरवलेली का?" धनगरबाबा हसला. "हरवलेली न्हाई बाळा, राती जन्मली. चालवना तिला, म्हून वर." त्या रविवारी शब्बाथ शाळेत मेंढपाळाचं स्तोत्र होतं. धाकट्याने तिथे सांगितलं की मेंढपाळाकडे घोडापण असतो. शिकवणाऱ्या मुलीने ते मान्य केलं, हे तिचं मोठेपण.

आता जरा अडचणीचं. आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच. गणपतीत शेजारच्या काकूंकडे दहा दिवस आरती, आणि मुलांचा जीव तिथे. जायचं का, टाळ्या वाजवायच्या का, मोदक खायचा का, हे प्रश्न दर वर्षी नव्याने येतात, कारण मुलं दर वर्षी मोठी झालेली असतात. आमच्या मंडळीत यावर एकमत नाही. काही घरांत मुलांना जाऊच देत नाहीत, काही घरांत कुणी विचारही करत नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलं तेव्हाही हाच घोळ होता. मूर्तीपुढचं अन्न खाल्ल्याने काही बिघडत नाही, पण ज्याचं मन दुखेल त्याचा विचार कर, असा साधारण त्याचा सूर. आमच्याकडे ज्याचं मन दुखायचं त्या सासूबाई. त्या स्वतः खात नाहीत. काकूंना हे कधी कुणी सांगितलं माहीत नाही, पण त्या आता डबा पाठवताना धाकट्याला बजावतात, "हे पातेल्यातले आहेत, नैवेद्याच्या ताटातले नाहीत, आजीला सांग." आजी म्हणतात, "बघू, एक दे." पौलालाही हे सुचलं नसतं.

मुलांना आम्ही एवढंच सांगितलं आहे की दुसऱ्याच्या देवघरात हसायचं नाही, खोटं खोटं नमस्कारायचं नाही, आणि कुणी विचारलं तर आपलं लपवायचं नाही. धाकट्याला झांज वाजवायची होती. मला वाटलं सासूबाई नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "झांज कुठल्या देवाची नसते. टिळकांच्या भजनांना काय पेटीच लागते?" रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भजन-कीर्तनाला टाळ-मृदंगाचा मराठी थाट आणला, आणि त्यांचं बरंचसं आयुष्य इथे नगर-राहुरीत गेलं. सासूबाई त्यांच्याविषयी घरातल्या वडीलधाऱ्यासारखं बोलतात.

ते मला पुढे उपयोगी पडलं. थोरलीला वर्गात एका मुलीने विचारलं, "तुम्ही इंग्रजांचे का गं?" ती रडत घरी आली. प्रवचन देण्यात अर्थ नव्हता. मी तिला सांगितलं, 'केवढे हे क्रौर्य' ही कविता शाळेत शिकवतात ना, ती लिहिणारा माणूस १८९५ साली ख्रिस्ती झाला, जन्म कोकणातल्या करजगावचा, आणि मरेपर्यंत मराठीच राहिला. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ साली नगरलाच निघालं, आणि ते पणजोबा मास्तरांच्या घरी यायचं. नाताळात आपण करंज्या, चकल्या, शंकरपाळी करतो आणि काकूंकडे ताट पाठवतो, त्यात इंग्रजांचं काय आहे? दुसऱ्या दिवशी तिने त्या मुलीला टिळकांचं सांगितलं. मुलगी म्हणाली, "बरं. पण केक असतो का?" असतो, म्हणाली. मैत्री झाली.

खरिपाची रास घरी आली की आमच्या मंडळीत उपकारस्तुतीचा रविवार असतो. हा दिवस मुलांना नाताळाच्या खालोखाल प्रिय. खेड्यांतून माणसं बाजरीची पोती, भोपळे, कोंबड्या, अंडी घेऊन येतात, ते सगळं वेदीसमोर मांडतात, आणि उपासना संपली की बाहेर मांडवात लिलाव. आलेला पैसा देवाच्या कामाला. धाकट्याने त्या वर्षी गच्चीवर जुन्या टबात मेथी लावली होती. स्वतः पाणी घातलं, आजोबांकडून माती भुसभुशीत करून घेतली, आणि महिनाभरात एक जुडी निघाली, तीही बारकी. ती त्याने दोऱ्याने बांधून कोंबड्यांच्या शेजारी ठेवली. कोंबडीने दोन पानं खाल्ली तेव्हा चालू उपासनेत ओरडला.

लिलाव करणारे काका मोठे वस्ताद. "गच्चीवरची मेथी! बिनखताची!" दहा रुपयांपासून सुरू झालं. एका दादाने पन्नास म्हटले, दुसऱ्याने साठ, आणि शंभराला जुडी सुटली. घेणाऱ्याने पैसे दिले आणि जुडी परत टेबलावर ठेवली, "पुन्हा बोला." हीच तर आमच्याकडची रीत. तीच जुडी पुन्हा ऐंशीला गेली, पुन्हा परत आली. धाकट्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी अभिमान, मग गोंधळ, मग राग. "पण ती कुणी घरी का नेत नाही? करा ना तिची भाजी!" शेवटी त्याच्या आजोबांनी ती वीस रुपयांना सोडवली आणि संध्याकाळी तिची भाजी झाली, प्रत्येकाला घासभर. जेवताना तो हिशेब करत होता. शंभर, ऐंशी आणि वीस, म्हणजे दोनशे. "देवाला दोनशे आणि आपल्याला भाजीपण?" आजोबा म्हणाले, "त्याच्या धंद्यात असंच असतं."

हे आजोबा, माझे सासरे, पुढच्या वर्षी गेले. बरेच महिने डायलिसिस चाललं होतं. धाकटा रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करायचा, स्वतःच्या शब्दांत, नाव घेऊन. शेवटच्या आठवड्यात मला, परिचारिकेला, दिसत होतं काय होणार ते. मी त्याला म्हटलं, आजोबांना दुखू नये असं माग. त्याने मान हलवली आणि बरं होऊ दे असंच मागितलं.

मातीला आलेल्या एका बाईंनी त्याला जवळ घेऊन समजूत घातली, चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात. त्या मनाने भल्या. पण रात्री धाकटा म्हणाला, "मग मी चांगला नाही वागणार." हे वाक्य लहान मुलांपुढे कुणीही कधीही बोलू नये असं माझं स्वच्छ मत आहे. लोक दुःखात काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात, आणि मुलं ते शब्दशः घेतात.

त्यानंतर साडेसातला तो सतरंजीवर बसायचा, पण तोंड उघडायचा नाही. त्याची पाळी आली की गप्प. तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हणाला, "मी नाही करणार. तो ऐकत नाही." सासूबाई आता रागावतील असं मला वाटलं. उणीपुरी पन्नास वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला तो माणूस गेला होता, त्यांचेही डोळे सुजलेले. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. मीपण रुसलेय." आणि त्यांनी चष्मा लावून, ज्या एरवी न बघता म्हणतात त्यांनी, स्तोत्रसंहिता उघडून तेरावं स्तोत्र वाचलं, ज्यात दावीद देवाला अक्षरशः धारेवर धरतो. मग अठ्ठ्याऐंशीवं, त्यात तर शेवटपर्यंत अंधारच आहे, दिलासा नाही. धाकटा डोळे उघडे ठेवून ऐकत होता. "हे असलं बायबलमध्ये चालतं?" "चालतं म्हणजे? छापलंय." त्या दिवशी प्रार्थना झालीच नाही. टीव्हीही लागला नाही.

इस्टरच्या पहाटे आमची मंडळी दफनभूमीत जमते. अंधारात उपासना सुरू होते आणि गीतं म्हणता म्हणता उजाडतं. कबरींवर मेणबत्त्या लावतात. आजोबांची माती अजून बसलेली नव्हती, त्यामुळे धाकट्याची मेणबत्ती सारखी कलंडायची. त्याने खाली ओल्या मातीचा गोळा करून ती उभी केली आणि हात पँटला पुसले. बोलला काहीच नाही. घरी येऊन पुरी-भाजी मागून घेतली. संध्याकाळी सासूबाईंनी मुळा धरणाच्या पाण्याचं नाव काढलं तेव्हा त्याने 'आमेन' म्हटलं. आजोबांचा विषय प्रार्थनेत त्याने अजूनही आणलेला नाही. आम्ही कुणी विचारत नाही.

थोरली आता नववीत आहे. तिच्या वयाची मुलं दृढीकरणाच्या वर्गाला बसली, ही बसली नाही. "मला अजून सगळं पटत नाही, आणि न पटता बिशपसमोर हो कशी म्हणू?" नवरा अस्वस्थ झाला, लोक काय म्हणतील वगैरे. मी तिला लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचायला दिलं. नवरा १८९५ ला ख्रिस्ती झाला, बाईंनी बाप्तिस्मा घेतला १९०० साली. मधली वर्षं त्यांनी सोवळं सांभाळत, रागावत, रडत, त्याच माणसाशी नातं टिकवत काढली, आणि मन वळलं ते स्वतःच्या वेळेने. थोरलीला त्यातला विनोदच जास्त आवडला, तेही चाललं.

यंदा तिने अट घालून होकार दिला, वर्गाला येईन पण प्रश्न विचारणार. मी तिला घेऊन पाळकसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "वहीत लिहून आण. मात्र सगळ्यांची उत्तरं माझ्याकडे नसतील, हे घरी सांगून ठेव."

घरी सांगितलं. सासूबाई लसूण सोलत होत्या. "ते मला माहीत आहे," म्हणाल्या. "शब्बाथ शाळेत माझ्याच वर्गात होता तो. तेव्हाही त्याचं वचन कधी पाठ नसायचं."